पाव इंचाची भानगड

"काय गं, काल रात्री बारापर्यंत तुझ्या बेसमेंटचा दिवा चालू होता!"

"तुम्ही जाग्या होतात काकू?"

"मला कुठली आलीय झोप. आणि गराजमधून आत नेलेली ती खोकी कसली? मुलांचं म्हणू नकोस, मी कुंपणाच्या फटीतून नीट पाहिलंय."

"क्विल्टिंगचं सामान आहे. जोअ‍ॅनच्या शेवटच्या सेलमध्ये घेतलेलं, इतके दिवस पडून होतं."

"त्या सेलला अख्खं न्यू जर्सी लोटलं होतं बाई! १९४३ सालचं दुकान, आठशेच्या आसपास शाखा, आणि २०२५ च्या मेअखेर सगळ्यांना कुलूप. कोपऱ्यावरच्या घरातली ती, नाव कशाला घ्यायचं, गाडीची मागची सीट पाडून गेली होती. तिच्याकडे लेझर आहे लेझर! मशीनला चिकटवला की कापडावर लाल रेघ पडते. आणि तिच्या क्विल्टचे कोपरे पाहिलेस? एकाचा दुसऱ्याशी अबोला!"

"हळू बोला, तिची खिडकी उघडी आहे. आणि कोपरे माझेही जुळत नाहीत. म्हणून तर हे सगळं घेतलं. मशीनचा पाव इंची फूट, लोहचुंबकाची गाइड, एक ते सुईसाठी भोक पाडलेलं प्लास्टिक, इस्त्रीनंतर दाबायचा लाकडी ठोकळा..."

"थांब, थांब. कोपरे का जुळत नाहीत ते आधी बघू. आमच्याकडे सुतार सुतात मोजायचे. पाव इंच म्हणजे दोन सूत. समज, तुझी शिवण पाव सुताने जास्त गेली. डोळ्याला दिसणारसुद्धा नाही. पण ती दोन्ही तुकड्यांतून खाते, म्हणजे एका जोडात अर्धं सूत गेलं. आठ चौकोनांच्या ओळीत सात जोड. झालं साडेतीन सूत, जवळजवळ अर्धा इंच गडप! खालच्या ओळीत मोठे तुकडे असले की जोड कमी, ती ओळ लांब राहते. मग बसा ओढत आणि ताणत."

"आमची आजी गोधड्या शिवायची, तिने कधी पट्टीसुद्धा हातात धरली नाही."

"गोधडीचं गणितच निराळं. ठिगळ खालच्या लुगड्यावर ठेवायचं, कड मुडपायची, धावदोरा घालायचा. एक तुकडा वाकडा गेला तर शेजारचा त्याच्यावर जरा चढवायचा. चूक जागच्या जागी जिरते. इथे तुकड्याला तुकडा जोडायचा, खाली आधार नाही, म्हणून पहिली चूक शेवटच्या कडेपर्यंत चालत जाते. अर्थात इकडेही सगळ्या बायका मोजूनमापून शिवत नाहीत. अलाबामात जीज बेंड म्हणून गाव आहे. तिथल्या काळ्या बायकांनी शेतावरच्या विटक्या कपड्यांचे तुकडे नजरेच्या अंदाजाने जोडले, रेघा हव्या तशा तिरक्या. २००२ साली ते क्विल्ट ह्यूस्टनच्या म्युझियममध्ये आणि मग न्यूयॉर्कच्या व्हिटनी म्युझियममध्ये भिंतीवर लागले, २००६ मध्ये त्यांची टपाल तिकिटं निघाली. तसं काही करतेस का? लेझर नको, काही नको."

"नको. मला आठ टोकांची चांदणीच करायचीय. टोकं बोथट झाली की जीव जातो."

"मग पाव इंचाला शरण जा. पण आज खोकी उघडू नकोस. दीड इंच रुंद, चारेक इंच लांब अशा तीन पट्ट्या काप, शेजारी शेजारी जोड, इस्त्री कर आणि मधली पट्टी माप. बरोबर एक इंच भरली पाहिजे."

"ते करून पाहिलंय. नवा फूट लावून. तरी कमी भरते."

"भरणारच. शिवण उलटवली की कापडाची जाडी घडीत जाते. म्हणून पावाला धागाभर कमीच शिवायचं. फुटाला ते कुठून कळणार? तुझ्या मशीनची सुई सरकते ना? एक घर उजवीकडे घे. फक्त खालची प्लेट एका बारीक भोकाची बसवली असशील तर सुई हलवू नकोस, तुटेल. आणि ते लोहचुंबक, तुझं मशीन कॉम्प्युटरवालं आहे, मॅन्युअल बघितल्याशिवाय जवळ नेऊ नकोस. त्यापेक्षा चिकटचिठ्ठ्यांचा गठ्ठा घे. मोजपट्टी सुईखाली सरकव, पाव इंचाच्या रेघेला धागाभर अलीकडे सुई टेकव, पट्टीच्या कडेला गठ्ठा चिकटव. दाते तेवढे झाकू नकोस. भोकाचं प्लास्टिक तरी दुसरं काय करतं? सुईची जागा दाखवतं, बस्स."

"म्हणजे फुटाचे पैसेही पाण्यात?"

"मी तर कधी घेतला नाही बाई."

"काकू, तुम्ही लग्नाआधीपासून शिवताय. तुमची बोटंच गाइड आहेत. मी मुलं झोपल्यावर तासभर बसते, त्यात कड सरळ धरायला शिकू की चांदणी करू? फुटाच्या पात्याला कड टेकली की माझं लक्ष पुढच्या तुकड्याकडे जातं."

"हं. हे मात्र खरं. बरं, फूट ठेव. लेझर घेतलास तर मात्र या कुंपणावर येऊ नकोस! लाल रेघ सुई कुठे पडणार ते दाखवते, कापड हातातून सरकतं त्याचं काय? आणि तुकडे कापायचं ते ठशांचं यंत्र, तेही तिच्याकडे आहे, कोपऱ्यावरच्या. तिची बोटं आखडतात, तिला ते सोयीचं आहे, त्यावर मी काही बोलत नाही."

"बोललात की आत्ता."

"गप. इस्त्री कशी करतेस? फिरवतेस?"

"फिरवते. मग?"

"अगं, तिरपा कापलेला तुकडा ताणला जातो त्याने. इस्त्री टेकवायची, उचलायची. थोडा स्टार्च मारलास तर कापड कागदासारखं वागतं. एका ओळीच्या शिवणी डावीकडे पाडायच्या, दुसरीच्या उजवीकडे, म्हणजे जोडावर जोड आपोआप बसतो. बोटाने चाचपलं की कळतं. तो ठोकळा ठेव, वाफेनंतर दाबला की शिवण सपाट पडते. फक्त विकत कशाला घेतलास? आमच्याकडे यांनी मेपलचा उरलेला तुकडा घासून दिला, तोच वापरते मी."

"आणि कापायचं? मला रोटरी कटर आवडलाय."

"आवडणारच! या सगळ्यात खरी कामाची वस्तू तीच. ऑल्फा या जपानी कंपनीने १९७९ साली आणली. त्याआधी पुठ्ठ्याचा साचा, पेन्सिल आणि कातर, तासन्‌तास. पैसे घालायचे तर कटर, मॅट आणि सहा बाय चोवीसची चांगली पट्टी यांवर घाल. पट्ट्याही एकाच कंपनीच्या ठेव, रेघांच्या जाडीत फरक असतो, धागाभर इथे गेला की संपलं. तुकडाच चुकीचा कापला असेल तर पुढे शंभर डॉलरचा फूटही काही करू शकत नाही. कापताना तुझ्या कडेला दोरे सुटतात का गं?"

"सुटतात ना. मधेच एखादा न कापलेला धागा राहतो, मग परत दोनदा फिरवते."

"ब्लेड कधी बदललंस?"

"ते बदलायचं असतं?"

"मागचं दार उघड. आलेच मी."