आमचे अष्टप्रधान मंडळ

आमच्या घरी गेली तेरा वर्षे इमानेइतबारे चाकरी करीत असलेला संगणक सकाळी बटण दाबल्यापासून कामावर रुजू होईपर्यंत एक कप चहा, वर्तमानपत्राचे पहिले पान आणि आमच्या सौभाग्यवतींचे दोन-तीन वाग्बाण एवढा अवकाश घेत असे, आणि खरे सांगावयाचे तर हा अवकाश आमच्या प्रकृतीस पूर्णपणे मानवला होता. त्याच्याकडे आमचे मागणेही माफकच होते : आठवड्याला हे सदर लिहून व्हावे, महिन्याला विजेचे बिल भरले जावे आणि रविवारी रात्री परदेशस्थ कन्येचे मुखदर्शन घडावे. या तीन कलमांपलीकडे आमच्या कारभाराचा विस्तार नव्हता. परंतु एका रविवारी जेवावयास आलेल्या आमच्या भाच्याने, आपण हात धुऊन, पाटावरून उठून, सुपारी कातरून तोंडात टाकली तरी यंत्र अद्याप उठलेले नाही, हे पाहिले आणि एखाद्या कलेक्टराने दुष्काळी गावाची पाहणी करावी तशा मुद्रेने तो म्हणाला, "मामा, हे आता म्युझियमला देऊन टाका. आणि रेडीमेड अजिबात घेऊ नका. आपण पार्ट निवडून असेंबल करू. स्वस्तात पडेल."

"स्वस्तात पडेल" हे दोन शब्द मराठी मध्यमवर्गात ज्या ज्या घरी उच्चारले गेले, त्या त्या घरी कोणते ना कोणते कर्ज जन्मास आले आहे, हे ठाऊक असूनही आम्ही मान डोलावली.

या अनर्थाचे मूळ शोधू गेल्यास ते १९८१ च्या ऑगस्टात सापडते. आयबीएम कंपनीने आपला पर्सनल कॉम्प्युटर बाजारात आणला तो घाईघाईने, आणि म्हणून त्याचे अवयव स्वतः घडवीत न बसता तिने ते बरेचसे बाहेरून घेतले. प्रोसेसर इंटेलचा, कार्यप्रणाली मायक्रोसॉफ्टची. जे एकास जोडता येते ते दुसऱ्यासही जोडता येईल, हे जगाच्या ध्यानी येण्यास फार काळ लागला नाही. पुढे १९९५ साली इंटेलने एटीएक्स नावाचा दंडक घालून दिला, की मदरबोर्ड ३०५ मिलिमीटर लांब व २४४ मिलिमीटर रुंद असावा आणि त्याची स्क्रूची भोके अमुक ठिकाणीच असावीत; तेव्हापासून एका मुलखाचा बोर्ड दुसऱ्या मुलखाच्या पेटीत बिनतक्रार बसू लागला. पूर्वी राज्य स्थापावयाचे तर मनगटात बळ लागे. आता पेचकस पुरतो.

भाच्याने कागदावर नावे लिहिली : प्रोसेसर, मदरबोर्ड, रॅम, ग्राफिक्स कार्ड, एसएसडी, एसएमपीएस, कूलर आणि कॅबिनेट. आम्ही मोजली तो नेमकी आठ भरली, आणि आमच्या डोक्यात १६७४ सालचा रायगड उभा राहिला. शिवछत्रपतींच्या दरबाराशी आपल्या टेबलाखालच्या पेटीची तुलना करण्याचे औद्धत्य आमच्या ठायी नाही; पण आकडा जुळला आणि पुढे हुद्देही जुळू लागले. सर्व हिशेब करून हुकूम सोडणारा प्रोसेसर तो पेशवा. भिंतीतली वीज तिजोरीत घेऊन ज्याच्या त्याच्या मगदुराप्रमाणे बारा, पाच व ३.३ व्होल्टांत वाटून देणारा एसएमपीएस तो अमात्य. कायमचे दप्तर सांभाळणारी एसएसडी ती सुरनीस. चालू दिवसाची टिपणे ठेवणारी, मात्र वीज जाताच ती समूळ विसरणारी रॅम ती वाकनीस. पडद्यावरच्या लढाया मारणारे ग्राफिक्स कार्ड ते सरनौबत, म्हणजेच सेनापती. बाहेरच्या जगाची सारी दारे आपल्या पाठीवर घेऊन वकिलाती राखणारा मदरबोर्ड तो डबीर, म्हणजेच सुमंत. तापलेल्या पेशव्याची शांत करणारा कूलर तो पंडितराव. आणि कोण आत मावेल व कोण मावणार नाही याचा शेवटचा निवाडा देणारे कॅबिनेट ते न्यायाधीश. फरक एवढाच, की त्या मंडळात पेशव्यास सालिना १५,००० होन, अमात्यास १२,००० आणि इतरांस १०,००० अशी नेमणूक होती, म्हणजे थोरल्यास धाकट्याच्या दीडपट. आमच्या मंडळात सेनापतीची तैनात पंडितरावाच्या दसपट ठरली आणि तिच्याबद्दल धन्याचे मत कोणी विचारले नाही.

भाच्याच्या राजनीतीचा मूलभूत सिद्धांत एकच होता व त्याचे नाव 'बॉटलनेक'. मंडळातला एखादा प्रधान दुर्बळ असला, की बाकीच्यांचे सामर्थ्य त्याच्या दारी येऊन तुंबते, असे हा सिद्धांत सांगतो. सिद्धांत खोटा नाही. त्याला फक्त खाली उतरण्याचा जिना नाही. पेशवा बलिष्ठ नेमला, की सेनापती रोडका दिसू लागे. सेनापतीस खुराक वाढविला, की अमात्याची तिजोरी तोकडी पडे. तिजोरी वाढविली, की एवढ्या तिजोरीवर याहून मोठा सेनापती सहज पोसता येईल असा साक्षात्कार होई. आणि त्या मोठ्या सेनापतीपुढे मूळचा पेशवा पुन्हा खुजा ठरे. पेशव्यासच एक पायरी उतरवून तोल साधावा, असे आम्ही एकवार भीत भीत सुचविले, तेव्हा "मामा, असं कोणी करत नाही," एवढेच उत्तर मिळाले. चाळीस हजारांत आरंभलेला तक्ता चौदाव्या आवृत्तीत, अठरा टक्के जीएसटी धरून, एक लाख सात हजारांवर जाऊन टेकला.

पेशव्याची भूक कागदोपत्री ६५ वॅट होती आणि सेनापतीची ११५. दोहोंची बेरीज १८० होते, आणि बाकी किरकोळ प्रधानांस हात सैल सोडून दिला तरी ती अडीचशेच्या आसपास रेंगाळते. भाच्याने एसएमपीएस लिहिला तो ७५० वॅटांचा, कारण 'हेडरूम' पाहिजे. त्यातही तो 'गोल्ड' पाहिजे. हे सोने म्हणजे धातू नव्हे. घेतलेल्या विजेपैकी फारच थोडी उष्णतेत उधळल्याबद्दल मिळणारा तो किताब असून ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड, प्लॅटिनम, टायटॅनियम अशी त्याची चढती भाजणी आहे. रावसाहेब आणि रावबहादूर ज्यांनी पाहिले आहेत त्यांस ती अधिक समजावून सांगण्याचे कारण नाही. पेशव्याबरोबर त्याच खोक्यात एक पंडितराव फुकट येतो, ही गोष्ट आम्हांस पुष्कळ उशिरा कळली. तो कामास पुरेसा होता, पण दिसावयास बरा नव्हता म्हणून दुसरा नेमावा लागला. दिसण्याचा प्रश्न उद्भवला कारण न्यायाधीश काचेचे होते, आणि काचेच्या आत जे दिवे होते ते १ कोटी ६७ लाख ७७ हजार २१६ रंग दाखवू शकत होते. आमचे कॅबिनेट टेबलाखाली, काच भिंतीकडे करून उभे राहणार होते. म्हणजे ही शोभा पाहण्याचा मान पालींचा.

वर हे सारे 'फ्यूचर-प्रूफ' होते. आम्ही निवडलेला एएम५ नावाचा सॉकेट दीर्घायुषी निघणार, याला भाच्याकडे पुरावा होता : त्याचा पूर्वज एएम४ हा २०१६ साली निघाला आणि त्यात बसणारे नवे प्रोसेसर २०२४ सालीही येत होते. आम्ही अडुसष्टाव्या वर्षी आपल्या सॉकेटाकडे पाहून मनोमन हिशेब केला, आणि दोघांपैकी फ्यूचर-प्रूफ कोण, हा प्रश्न गिळून टाकला.

चौदा आवृत्त्यांत तीन महिने गेले. महाग वाटले तर थांबावे, संगणकाचे भाव उतरतच असतात, हे भाच्याचे दुसरे सूत्र होते, आणि ते नेमके २०२५ च्या उत्तरार्धात उलटले. कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी प्रचंड डेटा सेंटरे उभारणाऱ्या धनिकांनी मेमरीस एवढी मागणी लावली, की चिपा घडविणाऱ्या कंपन्यांनी आपला माल तिकडे वळविला आणि घरगुती गिऱ्हाइकाच्या रॅमचे भाव काही महिन्यांत दुपटीच्या वर गेले. भाचा रोज सकाळी, सराफाच्या पेढीवर फोन करावा तसा, रॅमचा भाव विचारू लागला. आमचे हे सदर आमच्याऐवजी लिहून देण्यास जी बुद्धिमत्ता टपून बसली आहे, तिनेच आमचा वाकनीस आधी पळवावा, यात काही संगती आहे हे आम्ही नाकारीत नाही.

अखेर ग्रँट रोड स्टेशनास उतरून आम्ही लॅमिंग्टन रोड गाठला. या रस्त्यास डॉ. दादासाहेब भडकमकरांचे नाव देऊन बरीच वर्षे झाली, पण रॅमच्या शोधात निघालेल्या माणसास ते आठवत नाही. दुकान म्हणजे दोन हात रुंद काउंटर, त्यामागे छतापर्यंत खोकी आणि त्या खोक्यांतून डोके बाहेर काढलेला एक गृहस्थ. त्याने चष्मा कपाळावरून नाकावर आणला, आमची यादी सावकाश वाचली आणि भाच्यास वगळून आम्हांस विचारले, "काका, काम काय असतं कॉम्प्युटरवर?"

"लिहितो," आम्ही म्हणालो.

"टायपिंग. आणि?"

"विजेचे बिल."

त्याने यादी काउंटरवर ठेवली. "मग जुन्यातच एक एसएसडी टाका आणि चारची रॅम आठ करा. साडेतीन हजारांत होईल. अजून पाच वर्षं ओढेल."

या समग्र प्रकरणात सत्य बोलणारा मनुष्य आम्हांस भेटला तो हा एकच, आणि विकावयाचे काही होते तेही त्याच्याचपाशी. भाचा त्याच्याकडे अशा नजरेने पाहत होता, की जणू भटजीनेच मुंडावळ्या सोडून लग्न मोडण्याचा सल्ला दिला. आणि आम्ही? वाचकहो, आम्ही संपूर्ण यादी विकत घेतली. तीन महिने राज्यसंस्थापक म्हणून वावरल्यावर खिशात एक एसएसडी घालून लोकलने परत यावयाचे, हे आमच्याने होईना. शिवाय ते यंत्र सदर लिहिणाऱ्या आमच्यासाठी नव्हतेच. ते ज्याच्यासाठी होते तो गृहस्थ पहाटे उठून चित्रफिती संपादित करतो, रात्री लढाईचे खेळ खेळतो, मधल्या वेळात आपल्या जुन्या छायाचित्रांचे रंग दुरुस्त करतो. तो आमच्या घरी अद्याप आलेला नाही, पण त्याची सोय आम्ही लाखभर रुपये खर्चून करून ठेवली आहे. लोक पाहुण्यांसाठी कपबशांचा संच कपाटात जपून ठेवतात, तसेच हे.

रविवारी जेवणाचे टेबल पुसून त्यावर राज्यारोहणाचा विधी झाला. भाच्याने सॉकेटची तरफ उचलली. आत १,७१८ केसाएवढ्या सुया ओळीने उभ्या होत्या, आणि त्यांतली एक वाकली तरी पेशवाई बुडाली, असे त्याने बजावल्यामुळे आम्ही श्वास रोखून धरला. कोपऱ्यातला सोनेरी त्रिकोण त्रिकोणाशी जुळवून त्याने प्रोसेसर नुसता ठेवला, दाबला नाही. मग तरफ खाली आणताना असा करकर आवाज झाला, की आमच्या तोंडून देवाचे नाव निघाले. काळे प्लॅस्टिकचे झाकण उडून फ्रिजखाली गेले, आणि हे असेच व्हावयाचे असते असे कळले. पुढे प्रोसेसरच्या पाठीवर थर्मल पेस्ट लावावयाची होती. "मटाराच्या दाण्याएवढी," भाचा पुटपुटला. स्वयंपाकघरातून विचारणा झाली, "ओला की सुका?" या प्रश्नाचे उत्तर त्याला देता आले नाही. रॅमच्या दोन पट्ट्या चार खाचांपैकी दुसऱ्या व चौथ्या खाचेतच गेल्या पाहिजेत, हे मात्र त्याला पक्के ठाऊक होते. टक्‌ टक्‌ करून त्या बसल्या. शेवटी धन्याचाही हात लागावा म्हणून जुन्या मॉनिटरची केबल आमच्या हाती देण्यात आली, आणि आम्ही गुडघे टेकून, पेटीच्या पाठीमागे चाचपडत, जे पहिले दार हाती लागले त्यात ती खोचली.

बटण दाबले. सर्व दिवे लागले आणि पडदा काळाच राहिला. भाच्याच्या कपाळावर घाम आला. या जातीचा बोर्ड पहिल्या खेपेस आपल्या रॅमची ओळख करून घेत काही मिनिटे मौन पाळतो, हे त्याने वाचले होते, पण वाचलेले आणि भोगलेले यांत अंतर असते. तेवढ्या वेळात सौभाग्यवतींनी चहा केला, आम्ही तो प्यालो, आणि जुन्या यंत्राची आठवण दाटून आली असतानाच पडदा उजळला.

पुढचे तीन महिने आमचे राज्य सुखाने चालले. येणारे-जाणारे म्हणत, "किती शांत हो तुमचं मशीन!" भाचा सांगे, "चांगल्या कार्डाची खूणच ती. गरज नसेल तर पंखे फिरतसुद्धा नाहीत." त्या काळात बारा सदरे लिहून झाली आणि आमचे गद्य मंद चालते अशी एकाही वाचकाची तक्रार आली नाही. मग मेच्या सुट्टीत शेजारची नववीतली मुलगी एक खेळ खेळून पाहावयास आली, खेळातला घोडा लग्नाच्या वरातीतल्यासारखा पाऊल टाकीना, तेव्हा ती मोबाइलची बॅटरी घेऊन टेबलाखाली शिरली आणि तिथूनच म्हणाली, "आजोबा, केबल मदरबोर्डला लावलीय. कार्ड नुसतंच बसलंय."

म्हणजे प्रकार असा होता, की आमच्या पेशव्याच्या अंगी थोडीशी चित्रकला उपजतच होती. आम्ही सुमंताच्या दारात केबल खोचली, पेशव्याने ते काम गुपचूप पत्करले, आणि मंडळात सर्वांत मोठी तैनात खाणारा सेनापती तीन महिने घोड्यावर बसला नाही. १७३१ साली डभईजवळ बाजीराव पेशवे आणि सेनापती त्रिंबकराव दाभाडे यांच्यात वर्चस्वाचा निकाल लागला तो रक्त सांडून, खुद्द सेनापती पडून. आमच्या पेटीत तोच निकाल इतक्या सभ्यपणे लागला, की धन्यास पत्ता नाही.

भाच्यास फोनवर हे वर्तमान कळविले, तेव्हा पलीकडे बराच वेळ मेमरीची ओळखपरेड चालली. रविवारी तो आला, काही न बोलता टेबलाखाली गेला, केबल उपटून कार्डात बसविली, उठून गुडघे झाडले, पडद्यावर आमचे अर्धवट सदर उघडले आणि विजयी मुद्रेने म्हणाला, "आता बघा मामा! अक्षरं किती उठून दिसतात!"

दिसत होती खरी. आम्ही कबुली देणार इतक्यात सौभाग्यवती म्हणाल्या, "अरे, सकाळीच मी तो पडदा ओल्या फडक्याने पुसलाय. वर्षाची धूळ होती त्याच्यावर."