सूर्याकडून वसुली

जळगावहून धुळ्याकडे निघालं की पाळधी, एरंडोल, पारोळा, कुठल्या ना कुठल्या मळ्यात नाना भेटतातच. आडनाव कोणतंही असो. कापसात-केळीत चार पैसे गाठीला बांधलेले, मुलगा पुण्यात, आणि सूर्याशी पिढीजात वैर. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर नेऊन या सूर्याने वाडवडिलांची केळी होरपळवली. तेव्हा आता त्याच्याकडून व्याजासकट वसूल करायचं, हा नानांचा निवृत्तीनंतरचा उद्योग.

आधी बंब गेला, गच्चीवर सोलर हीटर आला. मग विहिरीवर सौरपंप. मग घरावर तीन किलोवॅटची पॅनलं. त्याचं केंद्राचं ७८ हजारांचं अनुदान खात्यात पडलं, त्या दिवशी नानांनी गावात पेढे वाटले. नातू झाला तेव्हा साखरेवर भागवलं होतं. साक्री तालुक्यात शिवाजीनगरला महानिर्मितीचा १२५ मेगावॅटचा सौर प्रकल्प आहे. घरी आलेल्या व्याह्यांना नाना आधी तो दाखवून आणतात, जेवण नंतर.

अशात मुलाने मळ्यात नातवंडांसाठी स्विमिंग पूल बांधला. गाव त्याला हौद म्हणतं. धुळ्यात नळाला काही दिवसांआड पाणी येतं, त्यामुळे तिथले पाहुणे त्याच्याकडे नुसतं पाहतात आणि गप्प राहतात. पूल २५ बाय १५ फूट, खोली साडेचार फूट. नाताळच्या सुट्टीत नातवाने त्यात अंगठा बुडवला आणि जो ओरडला, तो नानांना शेताच्या बांधावर ऐकू आला. खानदेशची थंडी पुण्याच्या पोरांना ठाऊक नसते. धुळ्याचा पारा सहा-सात अंशांपर्यंत उतरतो. नानांना मात्र त्या ओरडण्यात नवी थकबाकी ऐकू आली.

दुकानदाराने पूल तापवायच्या काळ्या प्लास्टिकच्या चटया दाखवल्या. भाव ऐकून नाना म्हणाले, "भो, ठिबकच्या नळीतून दुपारी कसं पाणी येतं, ते तू मला नको शिकवू." बोलणं खोटं नव्हतं. उन्हात पडलेल्या लॅटरलमधून दुपारी पहिलं येणारं पाणी हाताला चटका देतं, हे जळगावात शेंबड्या पोरालाही माहीत असतं. नानांनी भोकं न पाडलेली लॅटरल आणली, शेडच्या पत्र्यावर पूलच्या निम्म्या क्षेत्रफळाएवढी शेजारी शेजारी अंथरली आणि पूलच्याच फिल्टरचा पंप तिला जोडला.

मग सुरू झाला हिशेब. नाना कोणालाही धरून सांगतात: पाणी ४८ हजार लिटर. ते एक अंशाने तापवायला ५६ युनिटं लागतात. पत्र्यावरच्या नळ्या दिवसाला साधारण तेवढीच उष्णता देतात. पंप खातो साडेचार युनिटं. "साडेचार द्या, छप्पन्न घ्या! कोणती बँक देते?" रात्री मात्र पाण्याची वाफ होऊन कमाई उडून जायची. मग कापसाच्या ट्रॉलीवरची ताडपत्री रोज संध्याकाळी पूलवर पसरली जाऊ लागली. काकूंचं मत असं, की नानांनी लेकरांच्या अंगावर इतक्या काळजीने कधी पांघरूण घातलं नाही.

जानेवारीत भरीत पार्टी ठरली. पऱ्हाट्यांच्या जाळावर वांगी भाजली जात होती, कळण्याच्या भाकरी थापल्या जात होत्या, आणि नाना प्रत्येक पाहुण्याचा हात धरून पाण्यात बुडवत होते. "सव्वीस आहे. गेल्या आठवड्यात बावीस होतं." पाहुणे "हो, हो" म्हणत हात पुसायचे आणि जाळाकडे पळायचे. चोपड्याच्या एका पाहुण्याने चूक केली. आमच्या उनपदेवाला गरम पाणी बारा महिने आपोआप येतं, असं तो म्हणाला. नाना दुखावले. "ते जमिनीतून येतं. त्यात आपलं कर्तृत्व काय?"

एप्रिल उजाडला आणि वसुली अंगाशी आली. नळ्या बंद ठेवल्या तरी पाणी संध्याकाळी कोमट, मे महिन्यात तर पोरं पाण्यात उतरून घामेजून बाहेर. काकू म्हणाल्या, "आता यातच चहापत्ती टाका." नाना दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या रात्री त्यांनी पंप सुरू केला. निरभ्र आकाशाखाली त्याच नळ्या पाण्यातली उष्णता वर सोडून देतात. सकाळपर्यंत पाणी थोडं निवलं. तेव्हापासून नाना सांगतात, की दिवसा सूर्याकडून घेतो, रात्री आभाळाला परत करतो, व्यवहार चोख.

एवढ्या खटाटोपात नाना स्वतः त्या पाण्यात एकदाही उतरलेले नाहीत. धोतर सावरून काठावर उभे, हातात थर्मामीटर. नातू म्हणाला, "आजोबा, या ना आत, मस्त आहे पाणी!"

नानांनी त्याच्याकडे अशा नजरेने पाहिलं, जणू पोराला व्यवहार शिकवायचा राहूनच गेला.

"मी पाण्यात उतरलो तं पंप कोण पाहीन?"