डिकीचं रबर

"काय गं, विकली का गाडी शेवटी?" मेथीची जुडी सोडत काकूंनी कुंपणापलीकडून विचारलं.

"कसली विकतेय, काकू! काल एजंट आला होता. बोनेटवर टकटक केली, मग डिकी उघडली आणि कडेचं काळं रबर केळ्याच्या सालीसारखं सोललं. आत कंपनीच्या वेल्डिंगचे ठिपके एका ओळीत असतात म्हणे. आमचे वेडेवाकडे. लगेच म्हणाला, मागून ठोकलीय. झाले साठ हजार कमी."

"अगं, पण उभ्या गाडीला टेम्पोनं ठोकलं ना? विम्याचं काय?"

"दुरुस्ती दिली. तीही बंपर प्लॅस्टिकचा म्हणून ५० टक्के घसारा कापून. घसारा न कापणारं झिरो डेप नको म्हणून पैसे वाचवले होते ना आम्ही! उतरलेल्या भावाचं विचारलं, तर सर्व्हेअर हसला. पॉलिसीत ते बसतच नाही, म्हणे."

"माझ्या भाचीला मिळाले बघ, अटलांटाला."

"अमेरिकेत काय, शिंकलं तरी पैसे."

"सगळीकडे नाही हं. जॉर्जियात मात्र दुरुस्तीनंतर गाडीची किंमत उतरली, तर आपल्याच विमा कंपनीला ती भरून द्यावी लागते. तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं २००१ साली सांगितलंय. पण कंपन्यांचा हिशोब ऐक. गाडी २०,००० डॉलरची. त्याचे १० टक्के म्हणजे २,०००, त्याच्यावर एक दमडी नाही. नुकसान मध्यम, म्हणून निम्मे, १,०००. गाडी ४५,००० मैल पळालेली, म्हणून गुणिले ०.६. हातात ६००!"

"लाडू कबूल करायचा आणि बुंदीचा दाणा ठेवायचा."

"आणि पळाल्याची घट त्या २०,००० त आधीच धरलीय की! एकच लिंबू दोनदा पिळतात मेले. भाची कसली ऐकतेय. स्वतंत्र मूल्यमापक नेमला, त्याची फी खिशातून भरली, दोन विक्रेत्यांकडून कमी भाव लेखी आणला. मग कंपनीचा आकडा वर सरकला."

"आपल्याकडे नाहीच ना काही?"

"आहे की! दोष टेम्पोवाल्याचा, तर दावा त्याच्यावर आणि त्याच्या विमा कंपनीवर. मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात माणसाच्या दुखापतीसारखीच मालमत्तेच्या नुकसानीचीही भरपाई मागता येते. भाव उतरला हे सिद्ध करावं लागेल, मिळेलच असं नाही. कायद्यात मुदत सहाच महिन्यांची ठेवलीय. पंचनामा आहे ना?"

"कसला पंचनामा! ह्यांनी रस्त्यातच मिटवलं. गरीब आहे बिचारा, म्हणाले. पाचशे रुपये घेतले, वर त्याला चहा पाजला."

"म्हणजे चारशेऐंशीच. बरं, टेम्पोचा नंबर तरी?"

"नंबर नाही हो घेतला. मागे रंगवलेलं तेवढं आठवतंय."

"काय?"

"आईचा आशीर्वाद."