इंच-सुताच्या वेड्यांची थोरवी

प्रत्येक सोसायटीत एक तरी वेडा असतो. घराचं काम काढायचं ठरलं की शहाणी माणसं कॉन्ट्रॅक्टरला फोन करतात. हा आधी टेप विकत आणतो. टेपचं दुसरं टोक मुलीच्या हातात देतो, स्वयंपाकघराची खिडकी जमिनीपासून किती उंच आहे ते मोजतो, मग तीच छतापासून किती खाली आहे ते मोजतो आणि दोन्ही आकडे वहीत उतरवतो. खोलीच्या चारी भिंती मोजून झाल्यावर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरकंही मोजतो, कारण खोली गुण्यात, म्हणजे काटकोनात, आहे की नाही ते तिरक्या मापाशिवाय कळत नाही. जिन्यात कोणी विचारलं, "काय, काम कधी सुरू?" तर म्हणतो, "अजून ड्रॉइंग चाललंय." लोक हसतात. दोन महिन्यांनी पुन्हा विचारतात, पुन्हा तेच उत्तर मिळतं, आणि मग त्याच्या माघारी त्याला वेडा म्हणायला कोणाचीच हरकत उरत नाही.

हे वेड थोर आहे. ते जितकं टोकाला जाईल तितकं थोर आहे, आणि ते आणखी पसरावं असं मला मनापासून वाटतं.

शहाण्यांचा मंत्र दोन शब्दांचा आहे: "साइटवर बघू." सिंक कुठे येणार? साइटवर बघू. गीझर कुठल्या भिंतीवर? साइटवर बघू. कपाटाचं दार उघडल्यावर खोलीचं दार लागेल का? बघू, ॲडजस्ट करू. या मंत्रात अनुभवाचा वास असतो, म्हणून तो ऐकणाऱ्याला धीर वाटतो. पण साइटवर बघायच्या वेळी बघायला कोण असतं? मालक ऑफिसात, कॉन्ट्रॅक्टर दुसऱ्या साइटवर, मुकादम टाइल्सच्या गाडीमागे. भिंतीसमोर उभा असतो तो प्लंबरचा हेल्पर. हातात ग्राइंडर, पाच वाजता आवाजाचं काम बंद करायचा सोसायटीचा नियम, आणि घड्याळात साडेचार. जो निर्णय घरातल्या चौघांनी घ्यायचा होता तो त्या मुलाला अर्ध्या तासात घ्यावा लागतो. तो घेतो. पाइप जिथून जवळ पडतो तिथे नळ येतो. पुढची वीस वर्षं त्या घरात भांडी घासणारं माणूस अंगाला पीळ देऊन उभं राहतं, आणि त्यात त्या मुलाचा काडीचाही दोष नसतो.

वेड्याची वही कशी असते ते एका बाथरूमच्या पानावरून सांगतो. माझ्या ओळखीच्या एका निवृत्त शिक्षिकेने कोथरूडच्या जुन्या फ्लॅटचं काम काढलं तेव्हा हे पान मी पाहिलं. बाथरूम पाच फूट बाय सात फूट. शाळेच्या आलेखवहीवर चारही भिंती वेगवेगळ्या उलगडून काढलेल्या, जणू खोकं कापून सपाट पसरलंय. प्रत्येक भिंतीवर टाइल्सच्या रेषा. अख्खी टाइल कुठून सुरू होणार आणि कापलेला तुकडा कुठे जाणार, ते आधीच ठरलेलं: तुकडा दारामागच्या कोपऱ्यात, समोरच्या नजरेत अख्खी. वॉल मिक्सरच्या दोन तोंडांमधलं अंतर १५० मिलिमीटर, आणि ती दोन्ही तोंडं टाइलच्या सांध्यापासून सारख्या अंतरावर. कमोडचा मध्य बाजूच्या भिंतीपासून अठरा इंच, कारण बाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं आणि उठताना आधाराला दांडी लावायची होती. ती दांडी भिंतीत नेमकी कुठे पक्की होणार त्यावर फुली. नाहणी ट्रॅप दारापासून सर्वांत लांबच्या कोपऱ्यात, आणि दाराच्या उंबऱ्यापासून ट्रॅपपर्यंत सात फुटांत एक इंच उतार, बाणासकट. बाहेरच्या फरशीपेक्षा आतली फरशी अर्धा इंच खाली. तळाशी एक ओळ: "वॉटरप्रूफिंग झाल्यावर ४८ तास पाणी भरून ठेवणे. खालच्या मजल्यावरच्या काकांना आधी सांगणे."

कॉन्ट्रॅक्टर पान बघून म्हणाला, "बाई, एवढं कागदावर कशाला? आम्ही किती वर्षं हेच काम करतोय."

"म्हणूनच तुमच्यापुढे ठेवलंय, भाऊ," त्या म्हणाल्या. "यात चूक काय ते तुम्हालाच कळेल. आत्ता सांगा, मी खोडते."

आणि त्याने सांगितलं. ट्रॅप त्या कोपऱ्यात नेला तर खालची मुख्य लाइन उलट बाजूला आहे, सनकनमधून तिथवर पाइपला उतार मिळणार नाही, असं तो म्हणाला. तिथे टॉयलेटखालचा स्लॅब फूटभर खाली होता आणि त्यात ब्रिकबॅट कोबा भरलेला. त्या फूटभरातच पाइपाने वळणं घेत बाहेर पडायचं होतं. ट्रॅप दीड फूट अलीकडे आला, बाण फिरले, आणि टाइल्सच्या रेषाही हलल्या. सगळा बदल एका खोडरबराचा. हाच बदल कोबा फोडून झाल्यावर सुचला असता तर दोन मजुरांचा दिवस, दहा-बारा गोण्या राबिट आणि एक कडाक्याचं भांडण लागलं असतं.

खरं तर मला या वेडाची सर्वांत प्रिय बाजू हीच वाटते. घर नव्याने करताना भांडणं व्हायचीच. फ्रिजचं दार डावीकडे उघडतं की उजवीकडे, वॉटर प्युरिफायरला पाणी, वीज आणि सांडपाण्याची नळी तिन्ही एकाच जागी कशी मिळणार, देवघर कुठे, आजोबांना पलंगावरून हात लांबवून दिवा बंद करता येईल का. वही ही भांडणं कामाच्या आधी, रविवारी सकाळी, चहाबरोबर उरकून घेते. ज्या घरात वही नसते तिथे तीच भांडणं सिमेंटच्या धुळीत, रोजंदारीवरच्या माणसांसमोर होतात आणि त्या माणसांना हात बांधून ती ऐकत उभं राहावं लागतं.

पैशांबद्दल शहाण्यांचा समज असा की वेडा ड्रॉइंगवर वेळ घालवून बसतो आणि तोवर भाव वाढतात. भाव वाढतात हे खरं. पण नकाशाशिवाय तीन कॉन्ट्रॅक्टरांकडून कोटेशन मागवून बघा. तीन कागद येतात आणि त्यांत तीन वेगवेगळ्या घरांचे भाव असतात. एकाने वॉटरप्रूफिंग धरलंय, दुसऱ्याने धरलेलं नाही. एकाने राबिट खाली उतरवून गाडीत भरण्यापर्यंत धरलं, दुसऱ्याने "जागेवर गोण्या भरून" एवढंच लिहिलं. तिसऱ्याचा आकडा सर्वांत कमी, कारण "इलेक्ट्रिक पॉइंट" म्हणजे त्याच्या हिशेबी फक्त बोर्डापर्यंतची वायर. शहाणा माणूस सर्वांत कमी आकड्यावर बोट ठेवतो आणि उरलेली रक्कम पुढे 'एक्स्ट्रा' म्हणून फेडतो.

वेड्याच्या यादीत असं लिहिलेलं असतं: दिव्याच्या लाइनला दीड चौरस मिलिमीटरची वायर, साध्या प्लगला अडीचची, गीझर आणि एसीला चारची, इन्व्हर्टरवर चालणाऱ्या दिव्या-पंख्यांची लाइन आणि न्यूट्रल वेगळी. बोर्ड जमिनीपासून किती उंच, चौकटीपासून किती लांब, आणि कुठल्या कपाटामागे तो मुळीच जाता कामा नये. गिलाव्याचं माप कसं धरायचं त्याचंही एक वाक्य असतं. भारतीय मानक ब्युरोची आयएस १२०० ही मोजमापाची संहिता आहे. तिच्याप्रमाणे गिलाव्यात अर्ध्या चौरस मीटरपर्यंतची उघडी जागा वजा करत नाहीत. त्याहून मोठ्या खिडकी-दारांचा नियम वेगळा आहे. हे एक वाक्य आधी लिहून सही घेतलं की शेवटच्या बिलावर दोन भली माणसं एकमेकांना चोर म्हणत नाहीत. आता तिघांचे आकडे शेजारी ठेवले की ते एकाच घराचे असतात आणि त्यांच्यातला फरक कळण्याजोगा असतो.

कामगारांविषयी मला थोडं जास्त बोलायचं आहे, कारण या विषयात त्यांचं नाव कोणी काढत नाही. पुण्या-मुंबईच्या एका फ्लॅटच्या कामावर चार प्रांतांची माणसं असतात. ओडिशातल्या केंद्रापाडा जिल्ह्यातून आलेले प्लंबर तर देशभरच्या शहरांत सापडतात. फरशीवाला उत्तर प्रदेशचा, सुतार राजस्थानचा, गवंडी मराठवाड्याचा. तोंडी सूचना या साखळीतून जाताना मराठीतून हिंदीत, हिंदीतून अर्धवट हिंदीत आणि शेवटी हाताच्या खुणेत उतरते. रेषेवर लिहिलेला '८५०' हा आकडा मात्र सगळ्यांना सारखाच दिसतो. इंचात आठ सूत असतात हे त्यांच्यातल्या प्रत्येकाला मालकापेक्षा जास्त पक्कं ठाऊक असतं. आणि काम चुकीचं निघालं की फोडायला कोणाला लावतात? ज्याने ते केलं त्यालाच, आणि त्या दिवसाची मजुरी द्यायची कोणी यावर कॉन्ट्रॅक्टर आणि मालक बाहेर उभे राहून वाद घालतात. नीट काढलेला नकाशा म्हणजे कारागिराला दिलेला शब्द आहे की तुझ्या हातचं काम मी विनाकारण फोडायला लावणार नाही. सरळ ओळंब्यात लावलेली टाइल दुसऱ्या दिवशी छिन्नीने उखडताना त्याचा चेहरा ज्याने बघितलाय, त्याला या शब्दाचं मोल वेगळं सांगावं लागत नाही.

यावर जाणकार लोक लॉरी बेकरचं उदाहरण देतात. बर्मिंगहॅममध्ये १९१७ साली जन्मलेला आणि तिरुवनंतपुरममध्ये २००७ साली वारलेला हा वास्तुविशारद जुन्या पाकिटांच्या पाठीवर, रद्दी कागदांवर रेखाटनं करायचा आणि कितीतरी गोष्टी बांधता बांधता जागेवर ठरवायचा. मग तुमची वही कशाला? पण बेकर स्वतः जागेवर असायचा. त्याचे गवंडी त्याच्याबरोबर घडलेले होते आणि विटेचा प्रत्येक थर त्याच्या डोळ्यांखाली चढायचा. ज्याला रोज सकाळपासून संध्याकाळपर्यंत स्वतःच्या घरात उभं राहता येतं आणि पाइपचा उतार डोळ्यांनी कळतो, त्याने खुशाल पाकिटावर काढावं. बाकीच्यांनी आलेखवही घ्यावी.

एका बाबतीत मात्र कोणालाही सूट नाही: खांब आणि तुळया. जुन्या इमारतीत भिंत कुठली आणि कॉलम कुठला हे गिलाव्यावरून कळत नाही. वेडा सोसायटीच्या फाइलीतून मंजूर नकाशा काढतो, मिळाला तर स्ट्रक्चरल ड्रॉइंगही. आपल्याकडच्या गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे पंधरा ते तीस वर्षांच्या इमारतीचं दर पाच वर्षांनी आणि तीस वर्षांवरच्या इमारतीचं दर तीन वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट करायचं असतं. तो अहवालही तो मागून वाचतो. मग आपल्या नकाशावर सगळे कॉलम आणि बीम लाल रंगवतो आणि लिहितो: यात झिरी मारायची नाही, कोअर कटिंग करायचं नाही, चिमणीचा पाइप न्यायचा असेल तर खिडकीतून. घाटकोपरच्या दामोदर पार्क भागातली चार मजली इमारत २५ जुलै २०१७ रोजी कोसळली आणि १७ माणसं मेली. तळमजल्यावरच्या फेरबदलांत इमारतीच्या आधाराला धक्का लावल्याचा आरोप होऊन गुन्हा दाखल झाला. ही बातमी ज्यांनी वाचली त्यांनी तरी लाल पेन्सिलवाल्याला हसू नये.

जमिनीखाली आणि भिंतीत काय निघेल ते कुठल्याही वहीला सांगता येत नाही. जुनी जस्ताचा मुलामा दिलेली लोखंडी पाइप हात लावताच तुटते, गिलावा ठोकला की पोकळ वाजतो. म्हणून पक्का वेडा या अज्ञातासाठीही पान ठेवतो. फोडल्यावर पाइप बदलावी लागली तर फुटाला किती, पोकळ गिलावा काढून नवा करायचा तर चौरस फुटाला किती, हे दर तो आधीच ठरवून घेतो. जुन्या फरशीवर नवी फरशी बसवायची ठरली, तर जमीन साधारण अर्धा इंच वर येणार आणि सगळी दारं खालून तासावी लागणार, हेही त्याच्याकडे लिहिलेलं असतं. मुख्य दाराचा उंबरा आणि बाल्कनीच्या सरकत्या खिडकीची पट्टी त्यात राहून जात नाही. टाइल्स मागवताना तो कापण्या-फुटण्यासाठी दहा टक्के जास्त धरतो आणि सगळी खोकी एकाच लॉटची आहेत का ते उतरवून घेताना बघतो, कारण पुढच्या लॉटची छटा जुळेलच याची हमी दुकानदारही देत नाही.

काम सुरू झाल्यावर हे वेड थांबत नाही. झिऱ्या मारून, पाइप आणि वायर टाकून झाल्या की गिलावा चढायच्या आधी तो प्रत्येक भिंतीला टेप लावून फोटो काढतो. जिथे नकाशापेक्षा वेगळं झालं तिथे नकाशा दुरुस्त करतो. त्या शिक्षिकेने तर एक प्रत सोसायटीच्या फाइलीला लावली आणि एक खालच्या मजल्यावरच्या काकांना दिली: त्यांच्या छतावरून कुठली पाइप कुठे जाते ते त्यांना ठाऊक असावं म्हणून. काकांनी ती वाचली, चष्मा काढला आणि दुसऱ्या दिवशी टेप मागायला वर आले. त्यांचंही बाथरूम करायचं होतं.