पाणी जोखताना

चार वर्षांपूर्वी दिवाळीला मुलगा बंगळुरूहून आला, तो काजूकतलीच्या खोक्याऐवजी कुंडी घेऊन. कुंडी कसली, चाळणीच ती. सगळीकडून भोकं, आत मातीचा कण नाही. नुसता लोणारी कोळसा, विटांचे तुकडे आणि नारळाची सोडणं. त्यात चार लांबट पानं आणि एक वाकलेला दांडा, त्यावर वाटाण्याएवढ्या कळ्या. ‘बाबा, हे ऑन्सिडियम ऑर्किड. जात शेरी बेबी. फुलांना चॉकलेटचा वास येतो.’ घरात कायम राहणारी माणसं तीन, त्यातल्या दोघांना मधुमेह. मुलगा विचारपूर्वक भेटी देतो.

आई ८४ वर्षांची. तिनं बाहेर लोंबणारी मुळं बघितली आणि निकाल दिला, ‘अरे, हे बांडगूळ कशाला आणलंस?’ मुलानं समजावलं की बांडगूळ झाडाचा रस पितं, हे फक्त झाडावर बसतं. खातं-पितं आपलं आपण, पावसाचं आणि हवेतलं. म्हणजे पेइंग गेस्ट, पण जेवण बाहेर. आईला ते पटलं, कारण तिला लगेच माहेरचा फणस आठवला. ‘आमच्याकडे फणसावर सीतेची वेणी यायची. तिला कुणी रे पाणी घातलं होतं?’

त्या दिवशी हे वाक्य मी लिहून ठेवायला हवं होतं. पुढचे दोन पावसाळे वाचले असते.

कारण आमच्या घरात झाड म्हणजे तुळस, आणि तुळशीला रोज तांब्याभर पाणी. त्याच ओघात मी सकाळी या कुंडीत पाणी ओतू लागलो. ते क्षणात खालून बाहेर. पालथ्या घड्यावर पाणी म्हणतात तसं. हिला काही मिळालंच नाही असं वाटून मी पुन्हा ओतायचो. अकराला आई देवपूजेचं पाणी आणून घालायची. दुपारी बायको तांदळाचं धुवण. तिघांनी एकमेकांना कधी विचारलं नाही. प्रेमाच्या कामात हिशेब कसला?

जुलैत पुण्याची ती झिमझिम लागली. ऊन नाही, वारा ओला. कुंडी आठ-आठ दिवस सुकेना आणि बुंध्याशी असलेले फुगीर कंद सुरकुतू लागले. सुरकुती म्हणजे तहान, एवढं मी कुठंतरी वाचलं होतं. मी पाणी वाढवलं. सुरकुत्या वाढल्या. मी आणखी वाढवलं. शेवटी झाड उपटून पाहिलं तर मुळांचा चिखल झालेला. पाणी कमी पडलं तरी कंद सुरकुततात, आणि पाण्यानं मुळं कुजली तरी सुरकुततात, कारण कुजलेलं मूळ पाणी पिणार कशानं? दुखणी दोन, लक्षण एक. अशा रोग्यापुढं मोठे वैद्य चुकतात. मी तर बँकेतून निवृत्त झालेला माणूस.

कुजलेली मुळं कात्रीनं कापली, कापल्या जागी दालचिनीची पूड लावली (बुरशी लागू नये म्हणून, आई म्हणाली, ‘आता तमालपत्र टाक नि फोडणी दे’) आणि उरलेलं झाड नव्या कोळशात बसवलं. मग उरलेल्या चार मुळांकडे पहिल्यांदा नीट बघत बसलो. सुकलेलं मूळ रुपेरी पांढरं दिसतं. त्यावर स्पंजासारखं एक आवरण असतं. पाणी पडलं की ते भराभर शोषतं आणि पारदर्शक होतं, आतला हिरवा रंग वर दिसू लागतो. म्हणजे घडा पालथा नव्हताच. तिला हवं तेवढं ती पहिल्या फटक्यात घेत होती. बाकीचं सगळं माझ्या समाधानासाठी वाहत होतं.

तेव्हापासून स्वयंपाकघरातला वजनकाटा बाल्कनीत गेला. पाणी जोखणं हा शब्दप्रयोग मी शब्दशः घेतला आहे. भिजवून निथळलेली कुंडी ६४० ग्रॅम, पाणी मागणारी ४१०. एप्रिल-मेमध्ये हे अंतर ती दोन दिवसांत कापते. पावसाळ्यात दहा दिवस लागतात, कधी त्याहून जास्त, आणि तेवढे दिवस हात मागे बांधून उभं राहावं लागतं. ऑक्टोबरच्या तडाख्यात पुन्हा तीन दिवस. थंडीत पाच-सहा, पण तेव्हा दांडा वर येत असतो, त्यामुळं विसरून चालत नाही. बायको म्हणते, ‘अहो, माझी शुगर एवढ्या नेमानं लिहिली असतीत तर!’ वहीचं दुसरं पान आता त्यासाठी आहे.

खडकवासल्याचं पाणी तिला मानवतं. पण पाणीकपातीत सोसायटीत टँकर येतो, बोअरचं जड पाणी. महिन्याभरात कोळशावर पांढरा थर आणि पानांची टोकं करपलेली. आता पागोळ्यांचं पाणी बरण्यांत भरून ठेवतो. घरात लोणच्याच्या बरण्या कमी आणि पावसाच्या जास्त आहेत. पानांवर काळे ठिपके मात्र कशानंच जात नाहीत, या जातीला ते असतातच. आईनं त्यांना तीट म्हणून टाकल्यापासून मीही घासणं सोडलं.

मुद्दा निऱ्यांचा. नवं पान वाढत असताना पाण्यात खंड पडला तर ते अडकत अडकत बाहेर येतं आणि त्याला आडव्या चुण्या पडतात, हार्मोनियमच्या भात्यासारख्या. नंतर कितीही पाणी द्या, त्या जात नाहीत. आमच्या झाडावर त्यामुळं सगळा इतिहास लिहिलेला आहे. डावीकडच्या पानावर भाच्याचं लग्न, नागपूर, सहा दिवस. त्याच्या वरचं आईच्या मोतीबिंदूचं. मधलं एक पान अगदी सपाट आहे. त्या महिन्यात माझा पाय मुरगळला होता.

आणि फुलं? दोन वर्षं रुसून मग गेल्या जानेवारीत आली, शंभरच्या वर, करवंदी रंगाची, खाली पांढरी ओटी. कपिलदेवनं लॉर्ड्सवर करंडक उचलला त्याच १९८३ साली हा संकर नोंदवला गेला, म्हणजे वयानं माझ्या मुलाहून मोठा. वासाची वेळ ठरलेली: उन्हं अंगावर आली की दहाच्या सुमारास सुरू, दुपारनंतर ओसरतो, दिवेलागणीला काही नाही. रातराणीची सवय असलेल्या आईला हे विचित्र वाटलं, मला नाही. जुनी बँकेचीच वेळ ती. हळदीकुंकवाला आलेल्या बायका मात्र संध्याकाळी आल्या, नाकं फुलावर टेकवली आणि वाण घेऊन गेल्या. चॉकलेटवर कुणाचाही विश्वास बसलेला नाही.

सध्या नवं पान वितभर आलं आहे, अजून एकही निरी नाही. मे महिन्यात आठ दिवस दापोलीला जायचं ठरलं होतं. शेजारच्या काकांना काटा दाखवला, वही दाखवली, पांढरं मूळ आणि हिरवं मूळ दाखवलं. त्यांनी सगळं शांतपणे ऐकलं आणि विचारलं, ‘म्हणजे रोज एक तांब्या, बरोबर ना?’

दापोली आता तीन दिवसांची आहे.