नानांची गाडी

नाना गाडीत बसताना चपला काढतात. देवळात शिरताना काढतात तशाच. फरक एवढाच, की देवळाबाहेर त्या वाऱ्यावर सोडतात आणि इथे पिशवीत घालून डिकीत ठेवतात. सहा वर्षं झाली, सीटवरचं प्लॅस्टिक अजून निघालेलं नाही. मे महिन्यात त्यावर बसलेला माणूस उतरताना तव्याला चिकटलेल्या थालीपिठासारखा कडेकडेने सुटत येतो. काचेला पिवळं फडकं, बॉडीला पांढरं. वॉचमनने एकदा पांढऱ्याने काच पुसली, त्याला नाना आजही 'तो' म्हणतात. दसऱ्याला आमच्या गाड्यांना एकेक हार, नानांच्या गाडीला तीन आणि वर आंब्याचं तोरण. गाडीवर ओरखडा म्हणून नाही.

अशा या गाडीत सध्या तिसरी क्लच प्लेट आहे.

नानांचं गाडीवर प्रेम नाही असं कोण म्हणेल? पण ते सगळं पत्र्यावर. पत्र्याच्या आत जे काही आहे, त्याच्याशी त्यांचं जन्माचं वैर.

सकाळी साडेसातला सोसायटीला जाग येते ती नानांच्या गाडीने. स्टार्टर मारला, की न्यूट्रलमध्ये दहा मिनिटं घुर्रर्र, घुर्रर्र. "इंजिन गरम करतोय." ही सवय त्यांच्या जुन्या प्रीमियर पद्मिनीच्या काळातली. तिला कार्बोरेटर होता, थंडीत चोक ओढून तिची मनधरणी करावी लागायची. आताच्या गाडीत पेट्रोल किती, हवा किती हे कॉम्प्युटर ठरवतो. ऑइल काही सेकंदांत वरपर्यंत पोचतं. अर्ध्या मिनिटात निघावं आणि पहिले दोन-तीन किलोमीटर बेताने चालवावी, झालं. उलट ऑइल घट्ट असताना रेस करणं म्हणजे झोपेतून उठलेल्या माणसाला चहाआधी पर्वती चढायला लावणं. पण नानांनी गाडी बदलली, नाना मात्र कार्बोरेटरवरच आहेत.

मग पार्किंगमधून बाहेर पडण्याचा सोहळा. गाडी जागची हललेली नसताना नाना स्टेअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवतात. टायर फरशीवर करकरतात, पंप विव्हळतो. गाडी हातभर सरकवून मग फिरवा म्हटलं, तर म्हणतात, "पॉवर स्टेअरिंगचे पैसे मोजलेत मी."

रस्त्याला लागले, की त्यांचा डावा पाय क्लचवर जातो आणि थेट घरी परतल्यावर उतरतो. दाबत नाहीत हो, नुसता 'ठेवतात'. पण त्या ठेवण्याच्या वजनाने पेडल बोटभर खाली जातं, रिलीज बेअरिंग विनाकारण फिरत राहतं, प्लेटची पकड सैल होते आणि ती घासत बसते. डावा हात गिअरच्या मुठीवर, आशीर्वाद दिल्यासारखा. तो आशीर्वाद दांड्यातून आत गिअर सरकवणाऱ्या काट्यावर पडतो. नव्वद सेकंदांच्या सिग्नलला नाना पहिला गिअर टाकून, क्लच दाबून, शर्यतीच्या घोड्यासारखे उभे. न्यूट्रल का करत नाही विचारलं तर उत्तर तयार : "पुण्यात हिरवा दिवा लागायच्या आधी मागच्याचा हॉर्न लागतो."

हे मात्र खरं आहे. आणखी एक गोष्ट त्यांच्या बाजूने सांगायला हवी. इंडियन रोड्स काँग्रेसच्या नियमाप्रमाणे गतिरोधक दहा सेंटिमीटर उंच आणि काही मीटर रुंद असावा. आमच्या गल्लीतला दिसायला गतिरोधक, चढायला किल्ला. पण नाना त्यावर ब्रेक दाबूनच चढतात आणि दाबूनच उतरतात. खड्ड्यातही तेच. ब्रेक लागला की गाडीचं नाक खाली जातं, पुढच्या स्प्रिंगा आधीच दबलेल्या असतात. त्यात धक्का बसला, की बुश आणि शॉकअपचा जीव जातो. ब्रेक आधी मारावा आणि चाक चढताना सोडावा, इतकं सोपं. नाना म्हणतात, "ब्रेक सोडून खड्ड्यात जाऊ? मी काय वेडा आहे?"

मागच्या पावसाळ्यात आम्हाला त्यांनी सिंहगडला नेलं. रविवार, घाटात गाड्यांची रांग. चढावर थांबताना हँडब्रेक ओढायचा सोडून नाना अर्ध्या क्लचवर गाडी तोलून धरत होते; पुढे नाही, मागे नाही, नुसती थरथर. हँडब्रेक का नाही? "केबल ताणते." थोड्या वेळाने वास आला. "कुणीतरी टायर जाळतंय," नाना म्हणाले आणि त्यांनी काच वर केली. वास आतच राहिला.

उतरताना पेट्रोल वाचवायला न्यूट्रल. आताच्या गाड्या गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटर सोडला, की उतारावर पेट्रोल बंदच करतात. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला ते जाळावं लागतं. म्हणजे बचत शून्य आणि सगळा भार ब्रेकवर. पायथ्याशी चाकं भट्टीसारखी तापली होती. नानांनी काकूंची पाण्याची बाटली घेतली आणि त्यांवर ओतली. चर्रर्र! तापलेल्या लोखंडी डिस्कवर गार पाणी, म्हणजे ती वाकायचीच भीती. काकू एवढंच म्हणाल्या, "मला प्यायला ठेवा घोटभर."

चार दिवसांनी गाडी गॅरेजमध्ये. मेकॅनिकने निघालेली प्लेट वर्तमानपत्रावर ठेवली. कडेचं अस्तर झिजून रिबिटं उघडी पडली होती, मधला भाग निळा-काळा. "काका, नीट वापरली तर ही लाखभर किलोमीटरही जाते. तुमची चोवीस हजारांत गेली. क्लच म्हणजे पायदान नाही."

नानांनी प्लेट दोन बोटांत धरून पाहिली. "हल्ली माल चांगला येत नाही," ते म्हणाले आणि ऑइलचा डाग पडेल म्हणून आधी वर्तमानपत्राची घडी सीटवर अंथरली.

आता नाना गाडी विकताहेत. जाहिरात त्यांनी मला वाचून दाखवली : 'एकाच मालकाची, जिवापाड जपलेली, एकही ओरखडा नाही.' त्यात एक शब्द खोटा नाही. म्हणून सांगतो, जुनी गाडी घ्यायला जाल तेव्हा पॉलिश बघू नका. चढावर न्या, वरच्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दाबा. इंजिनाचा आवाज वाढला आणि वेग वाढला नाही, तर समजा : या गाडीत कुणीतरी चपला काढून बसत होतं.