स्वस्तात शिकारी रायफल : नवशिक्यांसाठी मार्गदर्शन

सर्वप्रथम घरच्यांना सांगावे की यात पैसे वाचणार आहेत. अमेरिकेत गॅरेजमध्ये बसून आपली रायफल आपणच घडवणारे बहुतेक हौशी कारागीर याच वाक्याने सुरुवात करतात. परंपरा मोडू नये. भारतातल्या वाचकांनी मात्र हे नुसते वाचावे. आपल्याकडे १९५९चा शस्त्र कायदा विनापरवाना बंदूक घडवू देत नाही, आणि घडवली तरी १९७२चा वन्यजीव कायदा तिने काही मारू देत नाही. अमेरिकेतही राज्याराज्याचे नियम वेगळे आहेत. कानस विकत घेण्याआधी ते वाचावेत.

आता मूळ माल. जुनी लष्करी माउझर ९८ शोधावी. जर्मन सैन्याने ती १८९८ साली स्वीकारली, आणि तिच्या बोल्टची रचना इतकी पक्की निघाली की आजच्या कित्येक शिकारी रायफली तिच्याच वंशातल्या आहेत. दुसऱ्या महायुद्धानंतर अशा रायफली अमेरिकेत ढिगाने आल्या. १९६८चा कायदा येईपर्यंत त्या टपालाने घरपोच मिळत. आता परवानाधारक विक्रेत्याकडे जावे लागते. एक पथ्य पाळावे : जिला अजून कोणी हात लावलेला नाही अशी रायफल घेऊ नये. संग्राहक तिच्यासाठी चांगले पैसे मोजतात आणि तुमच्या हातात ड्रिल दिसले की त्यांच्या डोळ्यांत पाणी येते. आधीच्या कोण्या हौशी माणसाने बिघडवून ठेवलेली पाहावी. अशा भरपूर मिळतात.

मग तिच्यावर दुर्बीण बसवावी. ती बसताच लक्षात येते की बोल्टचा दांडा वर उचलला की दुर्बिणीवर आपटतो. दांडा बदलावा. मग कळते की मागचा सेफ्टीचा पंखाही वर उभा राहतो आणि तोही आपटतो. सेफ्टी बदलावी. एवढे केलेच आहे तर सैनिकी चाप तरी कशाला ठेवायचा? तोही बदलावा. या टप्प्यावर खर्चाची वही बंद करून ड्रॉवरच्या तळाशी ठेवावी.

नळी बदलायची हौस आली तर तिथे हात आखडता घ्यावा. थर्टी-ओ-सिक्स या रायफलीच्या काडतुसाचा दाब दर चौरस इंचाला ६०,००० पौंडांपर्यंत जातो, आणि त्या वेळी तुमचा गाल दस्त्याला टेकलेला असतो. बोल्टचे तोंड आणि नळीत काडतूस जिथे अडते ती जागा यांच्यातले अंतर ‘गो’ आणि ‘नो-गो’ नावाच्या मापांनी तपासतात : पहिल्यावर बोल्ट बंद झालाच पाहिजे, दुसऱ्यावर होता कामा नये. हे काम व्यावसायिक बंदूकसाजाकडे द्यावे, त्याने केलेली थट्टा ऐकून घ्यावी आणि बिल भरावे.

खरा छंद लाकडात आहे. दस्त्यासाठी अक्रोड घ्यावा. मुठीपाशी रेषा मुठीच्या दिशेने धावल्या पाहिजेत. आडव्या गेल्या तर दस्ता नेमका तिथेच मोडतो. नक्षी सगळी मागच्या रुंद भागात असावी, कारण पाहुण्यांना दाखवायचे ते तेवढेच. मग रायफलीचे लोखंड लाकडात नेमके बसावे म्हणून त्याला काजळी फासायची, लाकडात दाबायचे, उचलायचे. काळा डाग उमटला तिथे पटाशीने कागदाइतकी ढलपी काढायची. पुन्हा काजळी, पुन्हा दाब, पुन्हा डाग. या कामात आठवडे जातात. काजळी दाराच्या कड्यांवर, फ्रिजवर आणि कुत्र्यावर सापडू लागली की काम योग्य दिशेने चालले आहे असे समजावे. शेवटी कुठेतरी एक ढलपी जास्त निघते. त्या फटीसाठी इपॉक्सी मिळते. मात्र ते ओतण्याआधी लोखंडाला न चिकटण्याचा लेप लावावा. विसरल्यास रायफल आणि दस्ता यांचा संसार कायमचा होतो.

मग जवसाचे तेल. जुन्या कारागिरांचा नियम असा : आठवडाभर रोज एकदा, महिनाभर आठवड्यातून एकदा, वर्षभर महिन्यातून एकदा आणि पुढे जन्मभर वर्षातून एकदा. हा नियम ऐकून हसणारे लोक वार्निश मारतात. त्यांच्याकडे दुर्लक्ष करावे. मुठीवर चौकटी कोरायच्या असतील तर आधी टाकाऊ फळीवर हात बसवावा. एक रेघ तिरकी गेली की पुढच्या सगळ्या तिच्यामागे निघतात.

पेन्सिल्व्हेनियात हरणांचा रायफल-मोसम थँक्सगिव्हिंगनंतरच्या शनिवारी सुरू होतो. तोवर तुमचे तेल वाळलेले नसेल. दुकानात तयार रेमिंग्टन ७०० उभी असते. हे मॉडेल १९६२पासून मिळते आहे आणि तुम्ही आतापर्यंत केलेल्या खर्चापेक्षा बहुधा स्वस्तच पडेल. यंदा ती घेऊन जा. आणि घडवलेली विकायचा विचार मनात आणू नका : दस्ता तुमच्या हाताच्या मापाचा आहे, आणि छिद्रे पाडलेल्या माउझरला मूळ माउझरची किंमत कोणी देत नाही.